आईच्या खोलीतला शेणाचा पट्टा

मी नाशकाजवळच्या सायखेड्याचा. घरापुढं गोठा, मागं थोडी जमीन, पण मी शेतीत काय रमलो नाय, नव्वद सालाच्या पुढंमागं नाशकात कामाला यायला लागलो, तेव्हा माझं लग्न झालेलं, पोरगी रांगत होती. सिडकोत एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो, आधी शहाबादी घासायची, मग मोझॅक आलं, मग ह्या चकचकीत टाईल्स आल्या, आणि काय सांगू ताई तुम्हाला, मी दोरी लावून बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाय, असा माझा हात. गावाकडनंच रोज येऊन-जाऊन करायचो, अजून तसंच करतो.

आता तुम्ही विचारलं, मिस्त्री, सासूबाईंच्या खोलीत कोणती टाईल टाकायची, आणि हा चकचकीत नमुना दाखवला, आणि मी तो नुसता हातात फिरवत बसलो. तुम्हाला वाटलं असंल हा मिस्त्री भाव खातोय. तसं नाय. रोजचं काम हाय माझं, पण ह्या एका गोष्टीत माझं डोकंच चालत नाय.

झालं असं, आमची आई जन्मभर सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चालली. मला वाटायचं, मी लोकांच्या घरात फरशा टाकत हिंडतो आणि आईच्या खोलीत शेणाची जमीन, लोक काय म्हणतील. म्हणून एका दिवाळीच्या आधी चार दिवस सुट्टी काढली आणि तिच्या खोलीत पांढऱ्याशुभ्र टाईल्स टाकल्या, तोंड दिसंल अशा. आई दारात उभी राहिली, म्हणाली, बाळू, पाणी कुणी सांडलं रे? म्हटलं, आई, पाणी नाय, फरशी हाय ती. म्हणाली, असंल, पण मला पाणीच दिसतंय. मी हसलो. लय हसलो तेव्हा.

मग ती भिंत धरून चालायला लागली, पायाची बोटं आवळून. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरनं तरातरा चालणारी बाई, ती खोलीत भिंत धरती. महिन्याभरानं एकदा कामावरनं आलो तर खोलीत शेणाचा वास. बघतो तर खाटेपासून दारापर्यंत हातभर रुंद पट्टा सारवलेला, माझ्या पांढऱ्या टाईलवर. ते वाळून पापुद्रे निघायचे, की ही दुसऱ्या दिवशी परत सारवायची. मी चिडलो, म्हटलं, आई, येड लागलं का तुला. म्हणाली, तुझी फरशी तुला ऱ्हाऊ दे, मला जायला-यायला वाट तेवढी लागती. बायको म्हणाली, अहो, त्यावरनं त्या भिंत न धरता चालतात, राहू द्या की. मला कुणाचं ऐकायचंच नव्हतं, पण रोज कामावर जायचो म्हणून ते तसंच चाललं दोन वर्षं.

मग पोरीला बघायला पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी मी ॲसिड आणि ब्रश घेऊन बसलो आणि सगळा पट्टा घासून काढला, टाईल परत नव्यासारखी केली. आई खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे ओट्यावर आले, आवाज ऐकून आई उठली आणि आपल्या वाटेनं निघाली, आणि वाट नव्हती. माझ्या हातात चहाचा कप होता, तेवढ्यात धपकन आवाज आला. खुब्याचं हाड. पाहुण्यांच्याच जीपमधनं तिला नाशकात आणलं.

डॉक्टर म्हणाले, ह्या वयात हाड पोकळ होतं, कधी कधी हाड आधी मोडतं आणि मग माणूस पडतं. घ्या. म्हंजे ती फरशीनं पडली, का मी घासलं म्हणून पडली, का पडायच्या आधीच हाड मोडलं होतं? बायको म्हणती लुगडं पायात आलं. आईला विचारलं तर म्हणती, मीच घाई केली रे, पोरीचे पाहुणे आलेले. जो तो निराळंच सांगतो, आणि मला वाटतं माझ्या ह्या हातानं पाडली. टाईल पोकळ बसली तर ठोकून कळती, माणसाचं कसं कळावं.

ऑपरेशन झालं, रॉड टाकला. ती घरी यायच्या आधी मी सगळ्या टाईल्स उखडल्या, खरबडीत शहाबादी टाकली, भिंतीला पाईप लावला धरायला, डॉक्टरांनी वॉकर घ्यायला लावला. सगळं केलं, ताई. तरी आई खाटेवरनं खाली पाय ठेवीना. दोन महिने. डॉक्टर म्हणाले, आता चालल्या नायत तर कायमचं अंथरूण. मी रोज हात धरायचो, ती म्हणायची, नको बाळू, खाली पाणी हाय. शहाबादी कोरडी ठणठणीत, आणि हिला पाणीच दिसतंय. मला रात्रंदिवस तेच, की ही अशीच पडून जाती का काय.

शेवटी एका सकाळी कामावर गेलोच नाय. गोठ्यातलं शेण आणलं, पाण्यात कालवलं आणि गुडघ्यावर बसून खाटेपासून दारापर्यंत पट्टा सारवला, मी, टाईल मिस्त्री. तो वाळंस्तवर आई नुसती बघत होती. मग म्हणाली, दोरी लावून फरशा बसवतो म्हणं, आणि पट्टा बघ किती वाकडा गेलाय. असं म्हणली आणि पाय खाली सोडले. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. वॉकर धरून ती दारापर्यंत गेली, जिथं पट्टा वळला तिथं तीपण वळली.

आता गोठ्यापर्यंत जाती, गाईशी बोलती, बायकोला कामं सांगती. पट्टा दर रविवारी मी सारवतो, अजून वाकडाच जातो. पण खरबडीत फरशीवर शेण कशाला लागतं, ते मला आजपर्यंत कळलं नाय. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, चालतात ना, मग राहू द्या.

तर तुमच्या खोलीचं मी काय सांगणार. देव सासूबाईंना हिंडत्या-फिरत्या ठेवो. त्या उठल्या असतील तर इकडं बोलवा. मी हा चकचकीत आणि माझ्या पिशवीतला खरबडीत, दोन्ही नमुने इथं खाली मांडतो, तुम्ही त्यांचा हात धरा, चप्पल काढायला सांगा, आणि पाय ठेवून बघू द्या त्यांना.