डॉक्टरांना सटाण्याला धाडलं, ते असं

माझा जन्म पंचवटीत, पेटीच्या भात्याशेजारी. खोटं वाटेल, पण आई सांगायची, वडील पेटीचे सूर घासत बसलेले आणि मी आलो तो काळी चारमध्ये रडतच. देवळादेवळांतल्या भजनाच्या पेट्या वडिलांकडं दुरुस्तीला यायच्या. मी मोठा होऊन लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला लागलो.

नव्वदनंतर लोकांनी कॅसेटी घेतल्या आणि रेकॉर्डी रद्दीत घातल्या, तेव्हा देवळालीच्या एका बंगल्याचं सामान निघालं, त्यात मला ती रेकॉर्ड गावली. विलायतेची, पहिल्या छपाईची. एका बाजूला एकच गाणं, तेवीस मिनिटं, गिटारवाला नुसता पाहुणा, सगळा कारभार ऑर्गनवाल्याच्या हातात. पहिल्यांदा लावली तर शेजाऱ्यांची मांडणी कोसळली आणि गोदावरी दोन मिनिटं थांबली, आता हसा तुम्ही. वडील म्हणाले, अरे, याचा भाता कोण मारतंय, दमला कसा नाही अजून? मग रोज संध्याकाळी, लाव रे तो न दमणारा. जाईपर्यंत तेच.

वडील गेले त्याच वर्षी दातांचे डॉक्टर आले. त्यांच्याकडं असल्या तीनशे रेकॉर्डी, सगळ्या पहिल्या छपाईच्या, असं मिरवायचे. म्हणाले, भाऊ, दोन दिवस द्या, कॅसेटवर उतरवतो. दिली. आठ दिवसांनी परत आली, कव्हर माझंच, आत तबकडी दुसरी! माझ्या तबकडीवर लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत हातानं नंबर कोरलेला, त्यातल्या वाकड्या सातवर मी रोज बोट फिरवायचो. हिच्यावर सरळ छापील आकडे, आणि आवाज असा की ऑर्गनवाल्याला सर्दी झालीय.

गेलो दवाखान्यात, म्हटलं, माझ्या तबकडीवरचा सात वाकडा होता, तो कुठाय? डॉक्टर म्हणाले, अहो, रेकॉर्ड ती रेकॉर्ड, लग्नात वाजवणाऱ्यांना काय फरक कळणार? खुर्चीतला पेशंट उघड्या तोंडानं हसला. तिथंच ठरवलं, याची दाढ काढायची, आणि भूल न देता.

रेकॉर्डी जमवणाऱ्याचं एक असतं बघा. तीनशे असू द्या, पण आपल्याकडं नाही अशी एक कुठंतरी आहे म्हटलं की त्याला अन्न गोड लागत नाय. तर मी चहाच्या टपरीवर, डॉक्टर ऐकतील इतपत हळू आवाजात बोललो. वडील तरुण असताना दोन केसाळ गोरे रामकुंडावर आले, वडिलांना पेटीसकट मुंबईला घेऊन गेले, अख्खी बाजूभर ऑर्गन आणि पेटीची जुगलबंदी, शंभरच प्रती, कव्हरच्या पाठीवर वडिलांचं नाव. आमची प्रत पुरात गेली. एक सटाण्याकडं कुणा कांदावाल्याकडं आहे म्हणतात.

रविवारी डॉक्टर सटाण्यात. कांदावाला अहिराणीत म्हणाला, डागदर, आठे नुसता कांदा शे. हे मला त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं, दोन दिवस जेवलो नाय, हसत होतो. मग दिंडोरी. तिथं द्राक्षाच्या बागेत मोरचुदाच्या फवारणीत भिजले, निळे होऊन परतले. दहा वर्षं पळवला, दर महिन्याला नवी खबर!

शेवटी दवाखाना बंद करून पोराकडं अमेरिकेला निघाले, तेव्हा वडिलांच्या दुकानात माझ्यासमोर येऊन बसले. पिशवीतून तबकडी काढली. म्हणाले, भाऊ, ही तुमची, सात बघून घ्या. पण वडिलांची रेकॉर्ड तुमच्याकडंच आहे, हो ना? एकदा ऐकवा. मी बोट फिरवलं, सात वाकडाच. तेव्हा खरं सांगता आलं असतं. म्हटलं, डॉक्टर, कालच खबर आलीय, मालेगावला आहे. म्हातारा उजळला, अन् विमानाच्या आदल्या दिवशी मालेगावला जाऊन आला.

आता न दमणारा रोज संध्याकाळी वाजतो. पण पुण्याहून लोकांचे फोन येतात, तुमच्या वडिलांची रेकॉर्ड, ती हिरव्या कव्हरची, मिळेल का? हिरवं मी कधी कुणाला बोललोच नव्हतो. वडील उभ्या जन्मात पेटी घेऊन पंचवटीबाहेर गेले नाहीत, ती रेकॉर्ड माझ्या जिभेवर छापलीय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? डॉक्टर तिकडं सुखी राहोत, त्यांच्या दाढा शाबूत राहोत. मी बुधवारच्या बाजारात जुन्या रेकॉर्डींचा गठ्ठा दिसला की खाली बसतो, एकेक कव्हर उलटं करतो, पाठीवरची नावं वाचतो. हिरवं असलं तर आधी ते.