रोहिणीनं टीव्हीतल्या सरांना विचारलं ते

न्हाई मॅडम, रोहिणी घरात न्हाई. म्हायेरला गेली, गेवराईला — आई आजारी हाय तिची. तुमी आष्टीहून एवढ्या उन्हात आलात, पाणी घ्या, पर बसू नका. धर्मराज यील आता. ल्योक माझा. कॉलेजचं कुनी दारात दिसलं की त्याचं डोस्कं फिरतंय.

कावून म्हनून काय विचारता? तुमीच व्हता की तवा. मीबी व्हते, सुनंच्या सोबतीला, मागच्या बाकावर. औंदा कॉलेजावर ती टीव्हीची छत्री बसवली न्हवं — टीव्हीत पुण्याचे सर पंचायतीचं शिकवत व्हते, अन् म्हनले, कुनाला विचारायचं आसंल तर फोन लावा. फोन कुनी दिला हिच्या हातात? तुमीच. अन् ही विचारती, 'सर, आमच्याकडं ग्रामसभेच्या सह्या बायांच्या घरी येऊन नेत्यात, सभेला कुनी बोलवत न्हाई. ती सभा खरी धरायची का?' तोंड सरांचं दिसतंय अन् टीव्हीतनं आवाज येतोय आमच्या रोहिणीचा! सर म्हनले, प्रश्न लई चांगला, कुठलं गाव? हिनं सांगितलं. जिथं जिथं तसली छत्री हाय तिथं समद्यांनी ऐकलं — अन् नवरा पंचायतीचा मेंबर. सह्या न्यायला तोच फिरतो.

चावडीवर लोक हसले त्याला. घरी आला. मारलं न्हाई — म्हंजे, एकदाच मारलं. अन् पुस्तकं हौदात टाकली. मी काढून पत्र्यावर वाळवली. पानं फुगली, पर वाचता येत्यात — ज्वारीच्या पोत्यात घालून दिली तिच्याबरुबर...

आसं बघू नका मॅडम. बरं, आई धडधाकट हाय तिची. मीच येष्टीत बसवलं. धर्मराजला म्हाईत न्हाई.

एक सांगा — आष्टीत दिसतो तोच वर्ग गेवराईच्या कॉलेजातबी दिसतो म्हनं? तेच सर, त्याच टायमाला? मग झालं. तिथं बसवा तिला. फोन लावू द्या. गावाचं नाव... घेऊ द्या. माझा अंगठाबी तसाच नेला त्यानं, चुलीपुढं बसले व्हते तवा. कशावर घेतला, सांगितलं न्हाई. सख्ख्या आईलाबी न्हाई, मॅडम.

थांबा. फटफटी वाजली. उठा तुमी, चपला घाला. त्यानं विचारलं तर म्हना, रोहिणीचं नाव कमी केलं, तेवढं सांगायला आलते. माझ्याकडं बघू नका बोलताना. जावा.