पोचल्याचा फोन

तुमचे वडील काळजी करतात म्हणता, तर आमच्या आप्पांचं ऐका. मी जर्मनीत शिकायला होते. एका शनिवारी आम्ही चौघी मैत्रिणी प्राग बघायला निघालो. आप्पांचा पुंडलिकनगरहून फोन आला, "सोबत कोण हाय? एकीचा नंबर देऊन ठेव. अन् पोचल्यावर फोन कर." मी मार्ताचा नंबर दिला. ती पोर्तुगालची, माझ्याच खोलीत राहायची.

पोचलो, हिंडायला लागलो आणि फोन करायचा राहूनच गेला. त्यात माझी बॅटरी संपली. दुपारी नदीवरच्या पुलावर मार्ताचा फोन वाजला. तिनं गोंधळून स्पीकर लावला.

"हॅलो, आय फादर. यू रीच?"

"येस," मार्ता म्हणाली.

"ऑल रीच?"

"येस, ऑल."

"गुड. ईट समथिंग." आणि ठेवला फोन. माझं नावसुद्धा घेतलं नाही.

मला लई लाज वाटली. मी माफी मागायला लागले, तर मार्ताचे डोळे भरलेले. म्हणाली, "आई गेल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं."

मी शिकून घरी आले, त्याला आता वर्ष झालं. परवा जेवायला बसताना आप्पांच्या फोनवर मेसेज आला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मग आईला म्हणाले, "मार्ता पोचली गं. वाढ आता."

ती कुठं निघाली होती, हे मलाच माहीत नव्हतं.