ठणठणीत घर

इस्लामपूरच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघं बसले होते. रिटायर सुभेदार पेपर वाचत होते आणि केरबाअण्णा त्यांच्या पोरासाठी आपल्या मुलीचा बायोडाटा घेऊन आले होते.

"अण्णा, देश विकतोय कमी आन् बाहेरनं घेतोय जास्त. लय चांगलं लक्षण!"

"आवं सुभेदार, त्यात चांगलं काय?"

"ऐपत असल्याबिगर कोण घेतंय व्हय? आमचंच बघा. विकायला घरचं दूधसुदीक न्हाई, पर दारात रोज काय ना काय उतरतंय."

"आन् बेकारी वाढलीया म्हंत्यात, ती?"

"ती तर भरल्या घराची खूण! उपाशी माणूस मिळंल ते काम धरतो. आमचा जयराज चार वर्सं मनासारखी नोकरी बघतोय. पोटाला हाय म्हणूनच की!"

"आमची क्रांती शिरवळला कंपनीत जाती. कवा कवा डबल शिफ्ट करती."

"म्हंजी तुमच्या घराची तब्येत नाजूकच म्हणायची. पोरगी आमच्यात द्या, सुखात राहील."

बायोडाट्याची घडी खिशात गेली.

"नगं सुभेदार. तुमचं घर लय ठणठणीत हाय. आमी आपली पोरगी एखाद्या आजारी घरातच देऊ, जिथला नवरा सकाळी डबा घिऊन भाईर पडतोय."