सत्तर वर्षांची शिवण

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या जोडप्याचं बोलणं पडत होतं.

"अहो शिंपीबुवा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकललीत. एवढं घाबरायचं काय त्यात?"

"घाबरतोय कोण? भिंगाभोवती पातळ खोळ असते म्हणे. ती फाटली तर?"

"खोळ जागेवरच ठेवतात. आतलं गढूळ भिंग काढून तिच्यातच नवं बसवतात. उशीतला कापूस बदलावा तसं."

"आणि खोळ लोंबत नाही?"

"चहूबाजूंनी बारीक तंतूंनी ताणून धरलेली असते. खोळ प्रथिनांची, तंतूही प्रथिनांचेच."

"सत्तर वर्षांत एक टाका उसवला नाही?"

"नाही."

"झकास काम आहे बुवा!"

"अगंबाई! दुसऱ्याच्या शिवणीला तुम्ही चांगलं म्हणालात? म्हणजे नजर खरंच गेलीय. चला, आजच उरकून टाकू!"