हळदीच्या दिवशीची फायनल

आपला संत्या म्हंजे घोटावड्याच्या टीमचा कीपर, आन् त्याच्यामागं राखीव कीपर मी. वर्षानुवर्षं माझं काम एकच, मॅचआधी बोलरांचे बॉल पकडायचे आन् मग बाहेर बसायचं. संत्याला कधी साधा तापबी आला न्हाई.

यंदा भूगावची फायनल नेमकी त्याच्या हळदीच्या दिवशी आली. हळद लागलेल्या नवरदेवानं वेस ओलांडायची नसती, म्हंजे कीपर मीच. आठवडाभर गोठ्याच्या भितीवर बॉल आपटून सराव केला.

टॉस झाला, मी ग्लोव्हज घालून निघालो, तर बाईकवर संत्या हजर. कानापतूर पिवळा, हातात लिंबू खोचलेली कट्यार.

"ग्लोव्हज दे," म्हणला.

कॅप्टन म्हणला, "दे रं, फायनल हाय."

"न्हाई देनार," मी म्हणलो.

संत्या तापला. "जागा माझी हाय."

"व्हय, तुझीच हाय. ऱ्हा उभा. पण तोंडावर बॉल बसला, तर उद्या मांडवात तुझ्या जागी मी उभा ऱ्हानार. राखीव गडी हाय मी, कुटंबी चालतो."

संत्यानं कट्यार सावरली, बाईकला किक मारली आन् घोटावड्याचा रस्ता धरला.