बेलरचं मागचं दार

हालवर : वहिनी, ऐक माझं, उतर खाली. उरलेलं मी करतो. काल ओदमुन गेला, माझा भाऊ, आणि आज तू त्याच्याच ट्रॅक्टरवर. फेरीबोटीतून उतरणारे लोक काय म्हणतील?

योरुन : म्हणतील, गवत कापून पडलंय आणि पाऊस येतोय. तू बस बाजूला. दार ओढून घे.

हालवर : जुन्या ट्रॅक्टरसारखं नाहीये हे.

योरुन : म्हणून तर तुला बोलावलं. नाहीतर तुझं काय काम होतं?

हालवर : बोल, बोल. तुझ्या लग्नापासून ऐकतोय. हां, आता ती गवताची ओळ दोन्ही चाकांच्या मधे घे. आणि सोड. वेगाला हात लावू नकोस.

योरुन : कुणीतरी लावायला हवा ना?

हालवर : मागे गासड्या बांधणारा बेलर आहे ना, तो लावतो. तोच मालक. गवत दाट आलं की पुढच्याला सांगतो, हळू. विरळ आलं की, चल जोरात. गासडी भरली की, थांब. ट्रॅक्टर बिचारा निमूट ऐकतो. ओदमुन म्हणायचा, आमच्या घरात पण हीच पद्धत आहे.

योरुन : कुठे म्हणायचा?

हालवर : दुकानात. सगळ्यांसमोर.

योरुन : घरी कधी म्हणाला नाही.

हालवर : घरी कसा म्हणेल?

योरुन : हालवर, थांबल्यावर दार कोण उघडतं?

हालवर : कुठलं दार?

योरुन : बेलरचं. मागचं. गासडी पडते ते.

हालवर : तोच उघडतो. गासडीला जाळी गुंडाळतो, दार उघडतो, गासडी टाकतो, दार मिटतो. पुढे निघायला तेवढा माणूस लागतो.

योरुन : म्हणजे आत कुणी नसलं, तरी दार उघडेल?

हालवर : वहिनी, ओळ सुटतेय. डावीकडे घे.

योरुन : उघडेल का?

हालवर : उघडेल.

योरुन : काल मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. ट्रॅक्टर थांबला. पूर्वी ट्रॅक्टर मधेच थांबला की हातातलं टाकून आपण शेताकडे पळायचो. आता हा दर पाच मिनिटांनी थांबतो. कुणी बघत पण नाही. मी बघितलं. दार उघडलं, गासडी पडली, दार मिटलं. म्हटलं, चाललंय नीट. आणि बटाटे उतरवायला आत वळले.

हालवर : दुसरं कुणीही तेच केलं असतं.

योरुन : बटाटे गार झाले, मासा गार झाला, तेव्हा बाहेर आले. ट्रॅक्टर तिथेच, आत तो. डॉक्टर म्हणाली, हृदय बंद पडलं, झटकन गेला असेल. 'असेल' म्हणाली.

हालवर : झटकनच. भरलेली गासडी आत, तेवढ्यात तो गेला. बाकीचं यंत्राने उरकलं. तू बघत होतीस तेव्हा तो नव्हताच गं. पळत आली असतीस तरी काही उपयोग नव्हता.

योरुन : हेच कुणीतरी सांगावं असं वाटत होतं रात्रभर.

हालवर : मग सांगितलं ना. आता मनातून काढून टाक.

योरुन : काय दाबतोयस तिथे?

हालवर : कुठे? काही नाही. ही स्क्रीन जरा... उजेड फार आहे तिचा.

योरुन : राहू दे.

हालवर : एकच बटण आहे, वहिनी.

योरुन : हात काढ. त्याने जसं लावून ठेवलंय तसंच राहील.

हालवर : बरं. मग असं कर, ही सपाटी तू संपव, वरचा उतार मी घेतो. निसरडं आहे तिथे.

योरुन : उतारावरच आलोय आपण.

हालवर : दिसतंय मला.

(ट्रॅक्टर आपोआप थांबतो. मागे जाळी गुंडाळल्याचा आवाज येतो आणि बंद होतो. मग बारीक शिट्टी वाजत राहते.)

योरुन : दार उघडत नाहीये.

हालवर : उघडेल. जरा वेळ लागतो कधी कधी.

योरुन : ही शिट्टी कसली?

हालवर : जुनं झालं की वाजतं काहीबाही.

योरुन : दोन वर्षांपूर्वी घेतलाय. हालवर, माझ्याकडे बघ. हे कशाची वाट बघतंय?

हालवर : ते हिरवं बटण. ते दाबायची.

योरुन : तू तर म्हणालास, आपोआप.

हालवर : आपोआपच आहे. सगळीकडे. फक्त इथे... गेल्या उन्हाळ्यात इथून एक गासडी घरंगळली. कुंपण मोडून खाली रस्त्यावर. शाळेची बस नुकतीच पुढे गेली होती. तेव्हापासून वरच्या शेतात ओदमुन दाराचं आपोआप उघडणं बंद ठेवायचा. भरली की आधी ट्रॅक्टर उताराला आडवा करायचा, मग बटण दाबायचा.

योरुन : काल इथे ट्रॅक्टर आडवा होता.

हालवर : हो.

योरुन : म्हणजे त्याने वळवला.

हालवर : हो.

योरुन : आणि दार उघडलं ते त्याने उघडलं. मी बघत होते तेव्हा.

हालवर : मी तुझ्यासाठीच तसं बोललो, वहिनी. माझं चुकलं.

योरुन : दुखत असेल त्याला?

हालवर : दुखत असतं तर भोंगा वाजवला असता.

योरुन : तुझा भाऊ? हाडं मोडली तेव्हा गाडी चालवत घरी आला होता तो.

हालवर : तसं असेल तर... मग गासडी खाली जाऊ नये म्हणून. आधी ते केलं असेल त्याने.

योरुन : मला हात केला असेल का?

हालवर : केला असता तरी तुला कुठे दिसणार? काचेवर ऊन असतं त्या वेळी.

योरुन : काल ऊन नव्हतं.

हालवर : नव्हतं.

योरुन : ही शिट्टी थांबत नाही का?

हालवर : बटण दाबेपर्यंत नाही. उठ, मी करतो. पाऊस येऊ दे नाहीतर. कुजू दे गवत एक वर्ष.

योरुन : मेंढ्या काय खातील? आडवा कसा करायचा ते सांग.

हालवर : सावकाश उजवीकडे. तो तसाच वळायचा.

योरुन : एवढं पुरे?

हालवर : अजून थोडं. नाक त्या बर्चच्या झाडाकडे येऊ दे. घाई नको, मागे वजन आहे. बास. आता दाब.

योरुन : बराच वेळ लागतो रे वळायला.

हालवर : लागतो.

योरुन : तेवढा वेळ मी बघत उभी होते.